तारण हरवतं का? रात्री सव्वाएकला आलेला मेसेज

आजचं वाचन: योहान १०:२७–३०, इब्री ६:४–२०



मागच्या आठवड्यात रात्री सव्वाएकला फोनवर मेसेज आला. “ताई, जाग्या आहात का? एकच विचारायचंय. माझं तारण गेलं का?”

हा मुलगा आमच्या यूथमधला. गेलं वर्षभर उपासनेला आलेला नाही. अंधेरीला सीप्झमध्ये कामाला आहे, शिफ्ट वेगवेगळ्या, त्यामुळे सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की रविवार जमत नसेल. मग ग्रुपवरून बाहेर पडला, फोन उचलेना. त्याने काय केलं ते मी इथे लिहिणार नाही, तो त्याचा आणि देवाचा विषय आहे. घरच्यांचा विश्वास मोडणारं होतं एवढंच सांगते. आणि त्या रात्री त्याने इब्री लोकांस पत्राचा सहावा अध्याय उघडला होता. चौथ्या ओवीपासून सहाव्यापर्यंत वाचलं आणि बायबल मिटलं.

शनिवारी आम्ही मरोळ नाक्याला भेटलो. चहा घेता घेता म्हणाला, “ताई, आमच्या कंपनीच्या आवारात ते पडकं चर्च आहे ना, तसा झालोय मी. भिंती उभ्या, आत झाडं.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सीप्झच्या कुंपणाच्या आत संत योहान बाप्तिस्ताचं एक जुनं चर्च आहे. १५७९ मध्ये जेझुइटांनी बांधलेलं. १८४० च्या सुमारास गावात साथ आली, लोक उठून मरोळला गेले आणि चर्च ओस पडलं. आज छप्पर नाही. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ईस्ट इंडियन लोक तिथे मिस्सा करतात.

मी त्याला म्हटलं, अरे, तू रोज भिंती बघतोस, पण गोष्ट अर्धीच सांगतोस. इमारत पडली. मंडळी कुठे पडली? ती मरोळला गेली आणि जाताना जुन्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पात्रसुद्धा बरोबर घेऊन गेली.

तो हसला, पण त्याला उत्तर मिळालं नव्हतं. चहाच्या टपरीवरचा दृष्टांत तेवढ्यापुरताच. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो मला या ना त्या शब्दांत विचारलेला आहे.

आधी एक गोष्ट कबूल करू. या प्रश्नावर ख्रिस्ती लोकांचं एकमत नाही आणि ते आहे असं दाखवण्यात अर्थ नाही. तुमच्या सोसायटीतच बघा. तिसऱ्या मजल्यावरच्या कॅथलिक काकूंना त्यांची मंडळी शिकवते की मोठ्या पापाने कृपा गमावली जाते आणि पापनिवेदनाने ती परत मिळते. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मांडलं. मेथडिस्ट मंडळी ज्यांच्या शिकवणीतून आली ते जॉन वेस्ली म्हणत की खरा विश्वासणाराही विश्वास टाकून नाश पावू शकतो. उलट १६१८–१९ च्या डॉर्टच्या सभेत जमलेले लोक म्हणाले, ज्यांना देवाने निवडलं त्यांना तो शेवटपर्यंत राखतो. हे सगळे बायबल वाचणारे, प्रार्थना करणारे लोक. तेव्हा यूट्यूबवर कोणी दोन मिनिटांत “शंभर टक्के सिद्ध” करून दाखवत असेल तर जरा सबुरीने घ्या.

माझं मत मी लपवत नाही. ज्याला प्रभूने धरलं त्याला तो सोडत नाही असं मी मानते. पण हे मत मी ज्या वाटेने आले ती वाट महत्त्वाची आहे, कारण तिथे पोहोचायच्या दोन चुकीच्या वाटाही आहेत.

आपल्यापैकी निम्मे लोक तारणाला लोकलच्या सीझन पाससारखं समजतात. मुदत संपली, रिन्यू करायचं राहिलं, आणि नेमका त्या दिवशी टीसी उभा. मग काय, दंड. अशा माणसाला रोज रात्री झोपताना धाकधूक असते: आज शिवी दिली, आज प्रार्थना राहिली, आज रात्री प्रभू आला तर? उरलेले निम्मे ते आजन्म फ्री पाससारखं समजतात. चौदाव्या वर्षी कॅम्पमध्ये शेवटच्या रात्री हात वर केला, कार्डावर सही केली, कार्ड कपाटात. आता काहीही करा, कार्ड आहे ना! मला या दोघांचीही काळजी वाटते. खरं सांगायचं तर दुसऱ्याची जास्त, कारण पहिला निदान विचारतो तरी.

या दोघांनाही येशू योहान दहामध्ये पास दाखवत नाही, मेंढपाळ दाखवतो. तो म्हणतो, माझी मेंढरं माझा आवाज ऐकतात, मी त्यांना ओळखतो, ती माझ्यामागे येतात. मी त्यांना सार्वकालिक जीवन देतो आणि त्यांचा कधीही नाश होणार नाही. मूळ ग्रीकमध्ये इथला नकार दुहेरी आहे. आपल्याकडे आई चिडली की म्हणते ना, “नाही म्हणजे नाही!” तसा. मग तो म्हणतो की त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि लगेच बापाच्या हाताचं नाव घेतो. दोन हात.

यावर त्या मुलाने जे विचारलं ते तुम्हीही विचाराल. “ताई, कोणी दुसरा हिसकावणार नाही, मान्य. पण मीच उडी मारली तर?”

प्रश्न चांगला आहे आणि मला त्याचं उत्तर लूक पंधरामध्ये मिळतं. शंभरातलं ते एक मेंढरू कसं हरवलं? चोराने नेलं नाही. लांडग्याने ओढलं नाही. ते स्वतःच भरकटलं. मेंढरं हरवतात ती अशीच. आणि मेंढपाळ काय करतो? “स्वतःच्या पायाने गेलंय, आता त्याची जबाबदारी माझी नाही” असं म्हणतो का? नव्याण्णव रानात ठेवून निघतो, आणि सापडेपर्यंत शोधतो. अमुक वेळ शोधलं आणि परत आला असं तिथे नाही. त्याच अध्यायात पुढे तो धाकटा मुलगा डुकरांच्या शेंगांनीही पोट भरायला आसुसलेला असतो, घरी परत जाताना मनाशी भाषण तयार करतो की आता मला मुलगा म्हणू नका, मजूर म्हणून ठेवा. बाप ते भाषण पुरं होऊच देत नाही. मजुराची गोष्ट त्याच्या ओठांवरच राहते.

मग इब्री सहाचं काय? ती वचनं काही चुकून छापली गेलेली नाहीत. ज्यांना प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, आणि मग पतन पावले, त्यांना पुन्हा पश्चात्तापापर्यंत आणणं अशक्य, असं लेखक लिहितो. हे वाचून ज्याला काहीच वाटत नाही त्याने मला भेटावं!

पण हे पत्र कोणाला लिहिलंय ते बघा. हे लोक येशूवर विश्वास ठेवल्यामुळे छळ सोसत होते, मालमत्ता गमावून बसले होते, आणि आता येशूला सोडून जुन्या मार्गावर जावं का, असा विचार करत होते. कोणी एका कमजोर आठवड्यात घसरला, त्याच्याबद्दल हे नाही. जाणूनबुजून, तोंडाने, येशू कोण आहे ते नाकारून पाठ फिरवण्याबद्दल आहे. काही अभ्यासकांना वाटतं की इथे वर्णन केलेले लोक प्रकाशाच्या अगदी जवळ आले होते पण त्यांचा नवा जन्म झालेला नव्हता. योहानानेही पहिल्या पत्रात लिहिलंय की आपल्यातून निघून गेलेले मुळात आपले नव्हतेच. इतर म्हणतात, नाही, हे खरेच विश्वासणारे. मला पहिलं जास्त पटतं, पण त्या वचनाची धार बोथट करण्यासाठी मी ते वापरणार नाही. रेल्वे रूळ ओलांडू नका ही पाटी त्याच्यासाठीच असते ज्याला जिवंत घरी पोहोचवायचंय. देव आपल्या लोकांना राखतो, आणि राखण्याचं त्याचं एक साधन म्हणजे अशा इशाऱ्यांची वचनं. त्या रात्री सव्वाएकला त्याला उठवून बसवलं ते त्याच वचनाने, नाही का?

आणि त्याने बायबल सहाव्या ओवीला मिटलं ही खरी अडचण. तीन ओव्या पुढे गेला असता तर नववीत लेखक त्याच वाचकांना “प्रियजनहो” म्हणतो आणि सांगतो की मी असं बोलत असलो तरी तुमच्याविषयी आम्हाला याहून चांगल्या, तारणाच्या गोष्टींची खात्री आहे. अध्यायाच्या शेवटी नांगर आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यात भरतीच्या वेळी उभं राहून बघा, होड्या किती डुलतात. घाबरायला होतं. पण डुलते म्हणून होडी वाहून गेली असं होत नाही, कारण नांगर होडीत नसतो, तो खाली, दिसत नाही तिथे रुतलेला असतो. इब्रीच्या लेखकाने हा नांगर पडद्याच्या आत, येशू जिथे आधीच गेलाय तिथे टाकलाय.

आता एक सावधगिरी. आपण घाईघाईने धीर देतो: “तुला भीती वाटते ना, म्हणजे तुझं तारण आहेच.” मीही पूर्वी असंच सांगायचे. हल्ली सांगत नाही. भीती तर यहूदा इस्कर्योतालाही वाटली, पस्तावाही झाला; त्याने तीस रुपयांची नाणी परत नेऊन टाकली. पेत्रही त्याच रात्री रडला. दोघांनीही प्रभूला दगा दिला होता. फरक असा की यहूदा आपलं पाप घेऊन याजकांकडे गेला, आणि तिथे त्याला काय मिळालं ते आपण वाचलंय. पेत्र आपली लाज घेऊन पुन्हा येशूसमोर आला, होडीतून उडी मारून पोहत आला. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव होता. ज्या रात्री नाकारलं तेव्हाही तो कोळशांच्या विस्तवापाशीच शेकत उभा होता; योहान दोन्हीकडे तो विस्तव आवर्जून सांगतो. आणि या सगळ्याच्या आधी, लूक बाविसाव्यात, पेत्र अजून पडलेलाही नाही तेव्हा, येशू त्याला सांगून ठेवतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय. पेत्र उभा राहिला त्याचं कारण तिथे आहे.

तेव्हा प्रश्न “भीती वाटते का” हा नाही. भीती घेऊन तू कुठे चाललास, हा आहे.

मला अशा वेळी आपल्या मराठी मंडळींमधला एक माणूस फार आठवतो. नीळकंठशास्त्री गोरे. चित्पावन घराणं, १८२५ मध्ये झाशीजवळ जन्म, काशीत वाढले, मोठे पंडित. ख्रिस्ती मताचं खंडन करायला त्यांनी तरुणपणीच संस्कृतमध्ये ग्रंथ लिहिला. वादासाठी वाचता वाचता स्वतःच अडकले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या हे नाव घेतलं. इथे गोष्ट संपायला हवी ना? साक्ष अशीच संपते आपल्याकडे. पण गोऱ्यांच्या बाबतीत खरी लढाई इथून पुढे. शंकांनी त्यांना आयुष्यभर छळलं. १८५४ मध्ये महाराजा दुलीपसिंगांबरोबर ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरना भेटले तेव्हा ते पार खचलेले होते. लंडनमध्ये जे पाहिलं तो जर ख्रिस्ती धर्म असेल तर मी ख्रिस्ती नाही, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं म्युलरनी पुढे लिहून ठेवलं. आजच्या भाषेत आपण म्हटलं असतं, भाऊ बॅकस्लाइड झाले.

ते सोडून गेले नाहीत. परत आले, शिकवत राहिले, लिहीत राहिले. पुढे अँग्लिकन मंडळीत पाळक झाले, अगदी साधेपणाने राहिले. शंका येत राहिल्या आणि शंकांसकट ते प्रार्थनेला बसत राहिले. १८९५ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा बाप्तिस्म्याला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. त्यांची पकड कशी होती असं विचाराल तर, डळमळीत. मग सत्तेचाळीस वर्षं त्यांना कोणी धरून ठेवलं?

आणि हाच माणूस पंडिता रमाबाईंना पुण्यात भेटला. गोऱ्यांशी झालेल्या बोलण्याचा आपल्यावर मोठा परिणाम झाला असं रमाबाईंनीच पुढे सांगितलं. स्वतः शंकेने जागणाऱ्या माणसाकडून दुसरीला वाट दिसली, हे वाचून मला नेहमी बरं वाटतं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. पण आपल्या साक्षीत त्या फार प्रामाणिकपणे लिहितात की आठ वर्षांनंतर त्यांच्या लक्षात आलं, त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. मला वाटतं, कपाटात कार्ड ठेवलेल्या आपल्या मित्रांनी हे दोनदा वाचावं. रमाबाईंनी “मी तारण गमावलं” असं म्हटलं नाही. “माझा बाप्तिस्मा झालाय, मला काय शिकवता” असंही म्हटलं नाही. त्यांनी त्या वेळी ख्रिस्ताकडे स्वतःला सोपवलं. केडगावची मुक्ती, मराठी बायबलचं त्यांचं भाषांतर, हे सगळं मुख्यतः त्यानंतरचं.

म्हणून कोणी मला विचारलं, “मी आधी खरंच विश्वासणारा होतो की नव्हतो?” तर मी त्या खोदकामात फार वेळ घालवत नाही. मुळात होतास आणि घसरलास, तर परत ये. मुळात नव्हतासच, तर आता ये. दोन्ही वेळा दार तेच आहे आणि बोलावणाराही तोच.

इफिसकरांस पत्रातला एक शब्द सांगायचा राहिला. पहिल्या अध्यायात पौल म्हणतो की पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे. मराठी बायबलमध्ये हा शब्द फार सुंदर बसलाय. मुंबईत ज्याच्या घरच्यांनी कधी फ्लॅट घेतलाय त्याला विसार माहीत आहे: पूर्ण रक्कम नंतर, पण हा पैसा दिला म्हणजे शब्द पक्का, आणि देणारा फिरला तर दिलेलं बुडालं. इथे विसार कोणी दिलाय? देवाने. काय दिलंय? स्वतःचा आत्मा. म्हणजे व्यवहार मोडला तर देवाचं काय पणाला लागलंय बघा! तुम्ही म्हणाल, व्यवहाराला दोन बाजू असतात, समोरचाही फिरू शकतो. खरंय, आणि दृष्टांत ताणला की तुटतो. पौलाला तिथे एवढंच सांगायचंय की शब्द देणारा कोण आहे.

“मग पाप करत राहिलं तरी चालेल?” हे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलालाच कोणीतरी विचारलेलं आहे आणि त्याचं उत्तर एका शब्दात आहे: मुळीच नाही. ज्याला हा प्रश्न सोयीचा म्हणून सुचतो त्याने सहावा अध्याय सबंध वाचावा. इथे मी जास्त लिहीत नाही.

आता त्या मुलाचं. मी त्याला तीन ओव्या पुढे वाचायला सांगितलं, आणि म्हटलं की आधी घरी जाऊन बाबांना खरं सांग. देवाने क्षमा केली म्हणून बाबांचं देणं फिटत नाही. जक्कयानेही पैसे परत केले होते. तो गप्प बसला. हे त्याला तारणाच्या प्रश्नापेक्षा जड गेलं असं दिसलं. मी मेट्रोने घाटकोपरला आले, तो शिफ्टला गेला.

परवाच्या रविवारी तो उपासनेला आला नाही. संध्याकाळी मेसेज आला: “बाबांशी बोललो. दोन तास. ते अजून चिडलेत. इब्री सहा पूर्ण वाचलं. सात पण.”

प्रार्थना: प्रभू येशू, तू आमच्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहेस. जो भाऊ आज रात्री शिफ्टवर आहे त्याला राख. त्याच्या बाबांचं मन मऊ कर. आमच्यातल्या ज्यांनी कार्ड ठेवलं आणि तुला ठेवलं नाही, त्यांना झोपेतून उठव. आणि जे रात्री उठून बसलेत त्यांच्याजवळ बस. तुझ्याच नावात, आमेन.

उद्याचं वाचन: इब्री ७:२३–२८. शक्य असेल त्यांनी कोणालातरी फोन करून दोघांनी मिळून वाचा.